घोडीच्या पायासाठी आणलेलं मशीन

"मशीन आणणार ना मॅडम? ते फिरतं मशीन हाय ना तुमच्याकडं?" फोनवर तो पुन्हापुन्हा एवढंच विचारत होता.

मी जनावरांची डॉक्टर. शिकताना गाय, म्हैस, कुत्रं सगळं शिकले. आता बहुतेक वेळ घोड्यांचे पाय तपासण्यात जातो. चिंचवडहून निघायचं आणि चाकण, आळंदी, मावळ असं हिंडत राहायचं. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं एक घोडी पळते. पाठीवर स्वार असतो, मागून बैल उधळत येतात, आणि ती त्यांना चढाच्या धावपट्टीवरून वर ओढून नेते. त्या धावपट्टीला घाट म्हणतात. शर्यतींवरची बंदी उठली तशा घाटातल्या घोड्या वाढल्या आणि त्यांचे मोडके पायही वाढले. मालक लोक आधी हळद लावतात, मग तूप चोळतात, मग तापलेल्या सळईनं डाग देतात, आणि घोडी तीन पायांवर आली की मला फोन करतात. अशात एखादा मालक स्वतःहून सोनोग्राफीचं मशीन मागतोय म्हटल्यावर मला बरं वाटलं. एक तरी सुधारला, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. तो फक्त हसला.

गाव चाकणच्या अलीकडचं. रविवार असूनही मोशीपासून पुढं ट्रकची रांग. फाटकावर सिमेंटचे दोन सोनेरी घोडे पुढचे पाय उचलून उभे होते. त्या पायांना गुडघाच नव्हता. मांडीपासून खुरापर्यंत सरळ नळी. ज्यानं बनवले त्यानं घोडा पाहिला नव्हता, आणि ज्यानं विकत घेतले त्याच्या दारात तर रोज घोडी उभी होती.

मालक पन्नाशी ओलांडलेला. पांढरे कडक कपडे, बोटांत अंगठ्या, सतत सोबत चार माणसं. वडिलांची जमीन काही कंपनीला गेली, काही बिल्डरला. "कष्टानं उभं केलंय हे सगळं," असं त्यानं मला गाडीतून उतरता उतरताच सांगितलं. ते कष्ट सह्या करण्याचे होते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सोबतच्या चौघांचं काम मान डोलवण्याचं. ते त्यांनी लगेच सुरू केलं.

घोडी मात्र देखणी होती. तांबूस कुमाईत रंग, बारीक तोंड, शांत डोळे. पुढच्या डाव्या पायाला, गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूनं फुगवटा आलेला. हात लावला तर गरम. मी अंगठ्यानं हलकं दाबलं तसा तिनं पाय उचलून घेतला. तिचा दोर धरून तिचा स्वार उभा होता: चाळिशीचा, काटक माणूस, आठवडाभर एका कंपनीत माल चढवायचा आणि सुट्टीच्या दिवशी घाटात घोडीवर बसायचा.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"झाले की दिस बरेच," स्वार म्हणाला आणि त्यानं मालकाकडं पाहिलं.

उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून घोडीला पत्र्याच्या शेडमध्ये घेतलं. पायावरचे केस कापायची कातरी काढली तसा मालक पुढं धावला.

"केस नका कापू मॅडम. जत्रा तोंडावर आलीय. फोटोत दिसंल."

"केसांत हवा अडकते. चित्र नीट येत नाही."

"मंग थोडेच कापा. मागनं."

मी लागतील तेवढे कापले. स्पिरिटनं पुसलं, जेल लावलं आणि आधी चांगला उजवा पाय दाखवला, म्हणजे फरक कळावा. पायाच्या मागून जी जाड दोरी जाते, जिला लोक नस म्हणतात, ती खरी नस नव्हे, कंडरा. धावताना सगळा भार तिच्यावर येतो. निरोगी कंडरा पडद्यावर पांढरी, भरीव दिसते. प्रोब, म्हणजे मशीनचा पायावर फिरवायचा दांडा, उभा धरला की आतले धागे एकाला एक लागून सरळ जाताना दिसतात, पीळ घातलेल्या सुताच्या दोरासारखे. मग डावा पाय. इथं पांढऱ्याच्या मधोमध काळा डाग. प्रोब खाली सरकवत नेला तरी डाग संपेना. उभा धरला तर धागे मध्येच तुटलेले, विस्कटलेले.

"हे काळं दिसतंय ना, इथं धागे तुटलेत," मी म्हणाले. "बाहेरची कड अजून शाबूत आहे, म्हणून ती उभी राहू शकते. पळाली तर तीही जाईल."

मालकानं डोळे बारीक करून पाहिलं. चौघांनीही केले.

"ह्यात काय मॅडम, नुसते ढग हायेत. कुठं काळं, कुठं पांढरं. पाऊस येनार म्हना!"

चौघं हसले. एकजण तर गुडघ्यावर थाप मारून हसला. मी इतक्या वर्षांत बरीच अडाणी माणसं पाहिली. अडाण्याचा मला राग येत नाही; त्याला सांगितलं की कळतं. हा अडाणी नव्हता. ह्याला कळून घ्यायचं नव्हतं, आणि न कळण्याचंच कौतुक करून घ्यायला त्यानं चार माणसं पाळली होती.

मी तरी सगळं सांगितलं. रोज गार पाण्याची धार, पट्टी, पूर्ण विश्रांती, मग हातानं धरून थोडं थोडं चालवणं, काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ह्या वर्षी घाट बंद. "आणि पळवलीत तर नुसती घोडी जाणार नाही. मागून बैल येत असतात. हा माणूस त्यांच्या पायाखाली जाईल."

स्वार घोडीच्या कानामागं खाजवत राहिला.

मालकानं लगेच फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडं आमच्याच व्यवसायातला एकजण. ह्या भागातल्या प्रत्येक जत्रेच्या मंचावर तो फेटा बांधून बसलेला असतो. घोडीवर त्याचे उपचार आधीपासून चालू होते, हे मला तेव्हा कळलं.

"अहो मॅडम, तुम्ही पुस्तकातलं सांगता," तो म्हणाला. "एखादा धागा सुटला असेल. मी सुई दिलीय, जत्रेच्या आधी अजून एक देतो. पळेल ती."

"कसली सुई? कुठं दिलीत?"

"सुजेची. तिथंच, नसेजवळ."

म्हणजे स्टिरॉइड, आणि तेही फाटलेल्या कंडरेशेजारी. त्यानं दुखणं दबतं आणि उरलेले धागे कमजोर होतात. हे त्याला माहीत होतं. माझ्यासारखीच परीक्षा देऊन आलेला माणूस. मी तसं म्हणाले तर तो हसत म्हणाला, "मालक खूश तर घोडी खूश," आणि फोन ठेवला.

मी सामान आवरायला लागले. मालकाचा सूर एकदम मऊ झाला.

"चला मॅडम, चहा घ्या आत. मशीन पण आतच आना. हितं लई धूळ हाय."

घोडीच्या पायावर माशा बसल्या होत्या, त्याची त्याला काळजी नव्हती. मशीनवर धूळ बसू नये एवढं मात्र तो बघत होता. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही; पेटी घेऊन मी आत गेले.

दिवाणखान्यात मालकीणबाई होत्या, मोबाइलमध्ये मान घातलेला मुलगा होता. सून चहा घेऊन आली. तिला दिवस गेलेले आहेत हे दिसत होतं. चौघा मान डोलवणाऱ्यांना मालकानं अंगणात पाठवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर बसला.

"एक घरगुती काम होतं मॅडम. पोटाचा पण फोटू घेता ना तुमी?"

"घेते. घोडी गाभण आहे का बघायला."

"तेच म्हंतो. मंग आमच्या सूनबाईंचं बघा की जरा. पयली पोरगी हाय. आता काय हाय तेवढं सांगा. बाकी आमी बघून घेऊ."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. मुलानं मान वर केली नाही. त्याचा अंगठा पडद्यावर सरकतच होता. बायकोच्या पोटाविषयी बोलणं चाललंय आणि हा क्रिकेट बघतोय.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," मी म्हणाले.

"म्हनून तर! तुमच्यावर कोन संशय घेतंय? घोडीचा पाय दुखतोय, तुमी मशीन घेऊन आलाय, समद्या गावानं बघितलंय."

आता सगळं उलगडलं. घोडी इतके दिवस लंगडत होती तेव्हा मी आठवले नव्हते. तिला सुई देणारा माणूस त्याला पुरेसा होता. मला बोलावलं होतं ते फिरत्या मशीनसाठी, आणि घोडीचा पाय गावाला दाखवायला होता. मी मात्र सुधारलेला मालक भेटला म्हणून खूश होऊन, मोशीची रांग काढत, धापा टाकत आले होते.

"आत्ता शेडमध्ये ह्याच मशीनवर तुम्हाला ढग दिसत होते," मी म्हणाले. "तेव्हा चित्र खोटं होतं. आता त्याच्यात मुलगा दिसणार आहे का?"

तो हसला. खरोखर, मनापासून हसला. "ते येगळं, हे येगळं."

त्या हसण्याची मला जेवढी किळस आली तेवढी कुठल्या सडलेल्या जखमेची कधी आली नाही. मी कप खाली ठेवला आणि त्याला कायदा सांगितला: बघणं गुन्हा, सांगणं गुन्हा, आणि असं विचारणंसुद्धा गुन्हा. तुरुंगाचा शब्दही मुद्दाम मोठ्यानं उच्चारला.

"आवाज कशाला वाढवताय? तुमी पाहुन्या," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी तोंड उघडलं. "बाईच्या जातीला बाईचं दुखनं कळू ने व्हय? तिचंच भलं व्हईल. एकदा पोरगा झाला का सुटली."

सूनबाईंनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला. "मी तपासणीला झोपणार नाही," ती म्हणाली. आवाज साधाच होता, मीठ संपलंय असं सांगावं तसा. "मॅडम हो म्हणाल्या असत्या तरी मी झोपणार नव्हते."

तेव्हा कुठं मुलानं मान वर केली. "तू आत जा."

ती आत गेली नाही. मी मशीनची पेटी घेतली, तिनं माझी बॅग उचलली आणि दार उघडून माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. चिंचवडची होती ती. लग्नाआधी एका कंपनीत डिझाइन विभागात होती. पहिल्या बाळंतपणानंतर सोडायला लावली.

"दोन ठिकाणी नेऊन झालं मला," ती गाडीजवळ म्हणाली. "दोघांनीही हाकलून दिलं. मग तुमचं नाव निघालं. जनावरांच्या डॉक्टरला कायदा कमी लागत असेल असं वाटलं असेल त्यांना."

"आता काय करणार?"

"आता कुणीतरी हो म्हणणारा शोधतील."

मी म्हणाले, "मी चिंचवडलाच चाललेय. बसायचं असेल तर बस."

ती थोडा वेळ सिमेंटच्या घोड्यांकडं बघत उभी राहिली. मग आत गेली. मी इंजिन सुरू करून ठेवलं. आतून मालकीणबाईंचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. पायात चपला घालत ती बाहेर आली तेव्हा कडेवर मुलगी होती आणि खांद्याला एक पिशवी. मुलगी झोपेतून उठवलेली, केस विस्कटलेले. मागच्या सीटवर मशीनची पेटी बाजूला सारून दोघी बसल्या.

मालक धावत ओट्यावर आला. तोंड उघडलं, आणि अंगणातले चौघं त्याच्याकडं बघतायत हे त्याला दिसलं. इतक्या लवकर चेहरा बदलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"सूनबाई माहेरी चालल्यात," तो चौघांना म्हणाला. "मॅडम तिकडंच चालल्यात, म्हटलं सोडतील. रिक्षा कशाला उगाच?"

चौघांनी मान डोलवली. एकानं पळत जाऊन फाटकही उघडून दिलं. चारचौघांत हसं होईल ह्या एका भीतीवर त्या माणसाची सगळी मर्दुमकी उभी होती. त्या दिवशी ती भीती आमच्या कामी आली.

वाटेत मुलीनं मशीनच्या पेटीकडं बोट दाखवून "ह्यात काय आहे?" असं विचारलं. "ह्यानं घोड्याचा पाय आतून दिसतो," मी सांगितलं. तिनं लगेच आपला पाय वर केला. आम्ही दोघी हसलो. चिंचवडला तिच्या वडिलांनी दार उघडलं. लातूरकडून येऊन इथल्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी पोरीकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, आणि नातीला हातात घेतलं. "आत ये, जेवायचंच बसलो होतो," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघींनी लेखी तक्रार केली. चौकशीला एक गृहस्थ आले ते माझ्याकडं, माझ्या मशीनचे कागद तपासायला. कागद चोख होते. ते बघून त्यांचा थोडा हिरमोड झाल्यासारखा वाटला. मालकाकडं ते गेले का, हे मी विचारलं तेव्हा "प्रक्रिया चालू आहे" असं उत्तर मिळालं. ती अजून चालूच असावी.

मग जत्रा झाली. मी गेले नाही. कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत पाठवली. ड्रोननं वरून काढलेली, खाली कानठळ्या बसवणारं गाणं. घोडी सुसाट सुटलेली दिसते, मागून बैल, धुळीचा लोट, आणि अर्ध्या घाटातच चित्रफीत संपते. खाली मालकाचा हात जोडलेला फोटो. पुढचं कापून टाकलं होतं. पुढं काय झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वाराच्या फोनवर कळलं.

"मॅडम, मालक गावात न्हाईत. घोडी खाली पाय टेकवंना. तुमी येता का?"

मी गेले. पाय गोठ्यातल्या खांबासारखा सुजला होता, आणि खुराच्या वरचा सांधा खाली बसला होता. स्वाराचा हात गळ्यात बांधलेला. अर्ध्या घाटात घोडीचा पाय गेला, स्वार उडून कडेला पडला, बैल दोघांच्या मधून निघून गेले. तो वाचला तो बैलांमुळं. बाकी कुणाला त्याची पर्वा नव्हती.

"तुला सांगितलं होतं मी," मी म्हणाले.

"व्हय."

"मग बसलास कशाला?"

"मालक म्हनले बस. डाक्टर पन म्हनले, कायबी व्हत न्हाई."

"आणि तुझं तू काय म्हणालास?"

मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण ज्या हातानं तो तिच्या कानामागं खाजवत होता, त्याच हातानं त्यानं तिला घाटात नेलं होतं, आणि आता तोच गळ्यात बांधून माझ्याकडं केविलवाणं बघत होता. मी त्याला बादली आणायला सांगितली.

ह्या वेळी केस कापायला कुणी अडवलं नाही. पडद्यावर पांढरं जवळजवळ उरलंच नव्हतं. प्रोब आडवा धरला तर सगळा भाग काळा, आणि उभं धरलं तर तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब गेलेली. मी पाय बांधला, आधाराला पट्ट्या लावल्या, वेदनेचं औषध दिलं, आणि पुढं काय करायचं ते स्वाराकडून तोंडपाठ करून घेतलं. ते मात्र त्यानं केलं. पुढचे कित्येक आठवडे कंपनीतून सुटला की तो घोडीकडं जायचा आणि मला पायाचे फोटो पाठवायचा. घोडी जगली. लंगडी राहिली, पण चालायला लागली.

मालकाचा फोन बऱ्याच महिन्यांनी आला. मधे काही घडलंच नव्हतं असा आवाज.

"मॅडम, घोडी दाखवून घेतली घोड्याला. गाभण हाय म्हनत्यात. तुमी मशीन घेऊन या की. आन् बघता आलं तर तेवढं बघा, शिंगरू मादीच हाय ना."

"मादीच का?"

"घाटाला घोडीच लागती मॅडम. नर घेऊन काय करायचं? उगाच खायला काळ."

मी वाट पाहिली. वाटलं, आता तरी त्याला आपलाच आवाज ऐकू येईल. पलीकडं कुणीतरी हसत होतं, बहुधा चौघांपैकी एक. "हॅलो? मॅडम? ऐकू येतंय का?" तो म्हणाला.

"मी येणार नाही," मी म्हणाले. "पुन्हा फोन करू नका."

"का वं? काय झालं?" असं त्यानं विचारलं, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. मी फोन ठेवला. तो फेटेवाला डॉक्टर गेला असेल. त्यानं मादी आहे असंही सांगितलं असेल. मालक खूश झाला म्हणजे त्याचं भागतं.

सूनबाई नंतर मला चिंचवड स्टेशनसमोर भेटली, सकाळी, कंपनीच्या बसची वाट बघताना. चाकणला नोकरी लागली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. दुसरं बाळंतपण माहेरीच झालं. नवरा एकदा न्यायला आला होता, म्हणाली. सोफ्यावर बसला, मोबाइल काढला, आणि तिच्या वडिलांनी चहा दिल्यावर "बाबांनी पाठवलंय" एवढंच बोलला. ती गेली नाही. वकिलाकडं कागद चालू आहेत.

"बाळ कसंय?" मी विचारलं. मुलगा की मुलगी ते मी विचारलं नाही.

"भरपूर रडतं," ती म्हणाली. "आणि घोडी?"

"लंगडते. गाभण आहे."

"मला वाटलं होतं मारून टाकतील."

"नाही. अजून उपयोग आहे तिचा."

तिनं मान हलवली. बस आली, तिनं डबा पिशवीत टाकला आणि पुढच्या दारानं चढली.